नाशिकच्या घरांना रंग देणाऱ्या सामान्य कारागिरांचा इतिहास कुठे आणि कसा शोधावा?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझे आजोबा जुन्या नाशकात घरे रंगवण्याचे काम करीत असत. भद्रकाली, सराफ बाजार, रविवार कारंजा आणि गोदेपलीकडे पंचवटी या भागांतले वाडे, चाळी आणि दुकाने त्यांनी जवळजवळ तीस वर्षे रंगवली. ते चित्रकार नव्हते आणि त्यांच्या कामावर कुठे त्यांचे नावही नाही. दसरा-दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईच्या तोंडावर ज्याला घरोघरून बोलावणे येई आणि पावसाळ्याचे चार महिने ज्याच्या घरात हात आखडून खर्च करावा लागे, असा तो एक साधा कारागीर होता. मागच्या महिन्यात माळा आवरताना त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. तीत सुताने बांधलेली एक लांबट वही, रंगांच्या छटा दाखवणारी तीन शेडकार्डे, वाळून दगड झालेला एक ब्रश आणि फडक्यात गुंडाळलेले पत्र्याचे चार छापे मिळाले.

तेव्हापासून या धंद्याचा इतिहास लिहावा असे मनात आहे. केवळ आजोबांचा नव्हे, तर त्यांच्यासारख्या सगळ्यांचा. १८४० साली स्थापन झालेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात मी तीन शनिवार बसले, नाशिक जिल्ह्याचे १८८३ चे गॅझेटियर चाळले आणि शहराविषयीची हाती लागतील ती पुस्तके पाहिली. चांदवडच्या रंगमहालातील भित्तिचित्रांबद्दल वाचायला मिळाले, वाड्यांच्या कोरीव खांबांबद्दल मिळाले, परंतु ज्यांनी त्याच वाड्यांच्या साध्या भिंतींना दरवर्षी चुना दिला आणि दारांना रोगण लावले, त्यांच्याविषयी एक ओळही हाती लागली नाही.

वहीचे एक पान जसेच्या तसे उतरवून देते, कारण मला त्याचा अर्धाच अर्थ लागतो:

माजघर चु. २ हा. नी. १ पु.
ओटी डि. पि. खर. १ अ. २ हा.
दारे ६ घा. लां. रो. २ हा.
एकूण ब्रा. ४॥।
चु. वस्त्र. घरचे

ही शेवटची ओळ जवळजवळ प्रत्येक पानावर आहे. वहीत सन कुठेही घातलेला नाही. फक्त तिथी आणि घरमालकांची आडनावे आहेत. रकमांपुढे आरंभीच्या पानांवर ‘आ.’ आणि नंतरच्या पानांवर ‘न.पै.’ असे लिहिले आहे. माझे प्रश्न दोन आहेत. अशा कारागिरांचा माग कागदपत्रांत कुठे लागतो? आणि ही वही नीट वाचायची कशी?

मोडीवाचक

ताई, आपला प्रश्न वाचून फार समाधान वाटले. मी गेली बारा वर्षे छंद म्हणून जुने घरगुती जमाखर्च वाचतो, त्या अनुभवावरून लिहितो.

पहिली अडचण शब्दाचीच आहे. जुन्या कागदांत ‘रंगारी’ हा शब्द दिसला की आपल्याला हायसे वाटते, परंतु तो बहुतेक वेळा कापड रंगवणारा असतो, भिंत रंगवणारा नव्हे. पुण्याच्या भाऊ रंगारींच्या नावातला रंगारी हा असाच कापडाच्या रंगकामातून आलेला आहे. ‘चितारी’ म्हणजे चित्रे काढणारा. साध्या भिंतीला चुना देणाऱ्याला पूर्वी बहुधा स्वतंत्र नावच नव्हते. ते काम गवंडी करी, त्याच्या हाताखालचा बिगारी करी, किंवा घरातलीच माणसे सणाआधी करीत. ‘पेंटर’ हा शब्द रुळला तो तेलाचा रंग आणि डबाबंद रंग रुळल्यानंतर. त्यामुळे एकाच नावाने मागे मागे जात राहिलात तर एका टप्प्यावर माग तुटेल, आणि तेथे धंदाच नव्हता असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

सरकारी मोजदादीतही हेच घडले आहे. १९११ च्या जनगणनेच्या व्यवसायांच्या तक्त्यात दगडकाम करणारे आणि गवंडी यांना आपला गट आहे. घरे रंगवणारे मात्र छपरे शाकारणारे, कौले घालणारे, इमारतींचे ठेकेदार, नळकाम करणारे आणि कुलपे करणारे यांच्याबरोबर ‘इतर’ या एकाच गटात बसवलेले आहेत. म्हणजे त्या तक्त्यातला आकडा घेऊन त्यातून रंगकाम करणारे किती होते हे कोणालाही काढता येणार नाही. मी स्वतः एकदा या मोहात पडून दोन आठवडे घालवले आहेत, म्हणून आधीच सांगतो.

माझा अनुभव असा आहे की रंगवणारा शोधू नये, पैसे देणारा शोधावा. भिंत रंगवणाऱ्याने लिहून ठेवले नाही, पण ज्याने मजुरी दिली त्याने पैपैचा हिशोब लिहिला. सावकार, सराफ, देवस्थाने आणि मठ यांच्या किर्दी-खतावण्या, म्हणजे जमाखर्चाच्या वह्या, अजून अनेक घरांत आहेत. त्यांत भाद्रपद संपल्यापासून दिवाळीपर्यंतची पाने प्रथम पाहावीत. ‘चुना’, ‘नीळ’, ‘सरस’, ‘कुंचे’, ‘सुंभ’ या सामानाच्या नोंदींजवळच मजुरीची नोंद सापडते आणि क्वचित नावही सापडते. अव्वल इंग्रजीतले, म्हणजे इंग्रजी अमलाच्या आरंभीचे, हे जमाखर्च मोडी लिपीत असतात, परंतु मोडी सहा महिन्यांच्या सरावाने येते. राज्याच्या पुराभिलेख विभागातर्फे तिचे वर्गही चालतात.

दुसरा पैसे देणारा म्हणजे नगरपालिका. नाशिकची नगरपालिका १८६४ ची आहे. शाळा, दवाखाने, धर्मशाळा यांची डागडुजी हा तिचा नेहमीचा खर्च होता, आणि दर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थाआधी तो वाढत असणार हे उघड आहे. प्लेगचा काळ तर मुद्दाम पाहावा. १८९६ मध्ये मुंबईत साथ आली, पुढे ती सगळ्या इलाख्यात पसरली, १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला, आणि घरे धुऊन काढून आतून चुना मारणे हा निर्जंतुकीकरणाचा ठरलेला भाग बनला. एरवी ज्या हातांची सरकारदरबारी नोंद झाली नसती, त्यांना त्या वर्षांत सरकारनेच मजुरीवर लावले. प्लेगविषयीचे अहवाल डॉक्टरांच्या आणि अधिकाऱ्यांच्या दृष्टीने लिहिलेले आहेत, पण खर्चाच्या पुरवण्या लक्ष देऊन वाचल्या तर चुना मारणाऱ्यांच्या टोळ्या त्यांत दिसतात.

तिसरा पैसे देणारा म्हणजे देवळालीची छावणी, नाशिकरोडचे मुद्रणालय, रेल्वे आणि पुढे ओझरचा विमान कारखाना. तेथील पेंटर पगारी नोकर होते, त्यामुळे त्यांचे सेवापुस्तक असते, त्यात जन्मतारीख असते, पगारवाढ असते, निवृत्तीची नोंद असते. रोजंदारीवरच्या माणसाचे यातले काहीच नसते. इतिहास लिहिताना हे ध्यानात ठेवावे लागेल, नाहीतर पगारी पेंटरची कहाणी सगळ्यांची म्हणून लिहिली जाईल.

आता आपल्या वहीचा काळ. ‘आ.’ म्हणजे आणे आणि ‘न.पै.’ म्हणजे नवे पैसे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून सुरू झाली. ज्या पानावर आणे जाऊन नवे पैसे येतात, ते पान १९५७ च्या किंवा त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतले धरावे, कारण काही काळ लोक दोन्ही हिशोब करीत होते. तेथून तिथी पुढे-मागे मोजत गेलात तर वर्षे बसवता येतील. एखादा अधिक मास वहीत आला असेल तर पंचांगाशी ताडून वर्ष पक्के करता येईल. ‘४॥।’ म्हणजे पावणेपाच. उभ्या रेघा पाव दाखवतात. ‘ब्रा.’ म्हणजे ब्रास, शंभर चौरस फूट.

शेडकार्डांवरूनही काळ निघतो. एखाद्यावर हातात ब्रश घेतलेला खोडकर मुलगा असेल तर तो एशियन पेंट्सचा गट्टू, आर. के. लक्ष्मण यांनी तो १९५४ मध्ये काढला, म्हणजे कार्ड त्यानंतरचे. ‘गुडलास वॉल’ एवढेच नाव असेल तर ते १९५७ च्या आधीचे असण्याचा संभव अधिक, कारण त्या वर्षी कंपनीच्या नावात ‘नेरोलॅक’ आले.

तिसरीपिढी

ताई, मी स्वतः रंगकाम करतो. माझे वडील आणि आजोबाही हेच काम करीत. आपण उतरवलेले पान वाचून मला आमच्या घरातले बोलणे ऐकू आल्यासारखे झाले.

‘हा.’ म्हणजे हात. आम्ही रंगाचा थर म्हणत नाही, हात म्हणतो: दोन हात मारले, तिसरा हात द्यावा लागेल. ‘नी. १ पु.’ म्हणजे निळीची एक पुडी, कारण नुसता चुना वाळल्यावर किंचित पिवळट दिसतो आणि नीळ घातली की तो डोळ्यांना शुभ्र भासतो. ‘डि. पि.’ हे पिवळे डिस्टेंपर. ‘खर.’ म्हणजे आधीचे खरवडून. ‘अ.’ म्हणजे अस्तर. ‘घा. लां. रो.’ म्हणजे घासणे, लांबी भरणे आणि रोगण. लांबी म्हणजे भिंतीच्या किंवा लाकडाच्या खड्ड्यांत पत्र्याने भरतात तो लगदा.

चुन्याचे काम हे आज कोणाला काम वाटत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. भट्टीवरून कळीचा चुना आणायचा, पिंपात घालून त्यावर बेताबेताने पाणी सोडायचे. तो आपोआप उकळतो, वाफा येतात, आणि त्या वेळी तोंड पिंपावर नेले तर डोळा जातो. मग तो काही दिवस मुरू द्यायचा, पातळ करून फडक्यातून गाळायचा, त्यात उकळलेला सरस किंवा डिंक घालायचा. भिंत झाडून, पाणी शिंपडून ओलसर करायची आणि सुंभाच्या कुंच्याने पहिला हात वरून खाली, दुसरा आडवा मारायचा. ओला चुना भिंतीवर जवळजवळ दिसतच नाही. आपण कुठे मारला आणि कुठे राहिला हे कारागिराला नजरेने नव्हे तर हाताच्या सरावाने कळावे लागते. दोन-तीन तासांनी भिंत पांढरी होऊ लागते तेव्हा कुठे काम उघडे पडते. माझे आजोबा काम सुरू करण्याआधी कोपरापर्यंत गोडेतेल चोळत, तरी त्यांच्या बोटांच्या पेरांना कायम भेगा असत. जेवताना ते भाकरी तळहाताने मोडत, बोटांनी नाही.

आपल्याला एक विनंती आहे. कागद नंतरही मिळतील. माणसे मिळणार नाहीत. ज्यांनी चुना, सुके डिस्टेंपर, तेलाचे रंग आणि आजचे प्लॅस्टिक रंग असे सगळे हाताळले, ते कारागीर आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडे जाताना कागदाचे प्रश्न घेऊन जाऊ नका. आजोबांचे ते पत्र्याचे छापे घेऊन जा, ब्रश घेऊन जा, आणि त्यांच्या हातात द्या. वस्तू हातात आली की माणूस आपोआप बोलू लागतो. त्यांना विचारा की रंग जुळवायला कोणाकडून शिकलात. आज दुकानात यंत्रावर क्रमांक दाबला की हवी ती छटा डब्यात मिळते. पूर्वी पांढऱ्या रंगाच्या डब्यात स्टेनरचे, म्हणजे गडद रंगद्रवाचे, थेंब घालून, काडीने ढवळून, जुन्या भिंतीशेजारी बोटभर लावून, वाळेपर्यंत थांबून पाहावे लागे, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग एक नसतो. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही, ते त्या माणसांच्या डोळ्यांत आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्या आजोबांनी पाट्या रंगवल्या नाहीत असे धरून चालू नका. पावसाळ्यात भिंतीचे काम बंद असते, तेव्हा बहुतेक जण पाट्या, टांग्यांच्या-ट्रकच्या फळ्या, गणपतीच्या मखरांचे रंगकाम यांवर घर चालवीत. वहीत आषाढ-श्रावणाची पाने असतील तर ती वेगळी काढून पाहा.

कलाप्रेमी_नाशिक

या विषयात दादासाहेब फाळके यांचा संदर्भ कसा आला नाही याचे आश्चर्य वाटते. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळके यांनी नाशकात चित्रपट तयार केले, १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी येथेच स्थापन झाली, आणि पडदे व देखावे रंगवायला रंगारी लागलेच असतील. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर तर रंगकामातूनच चित्रपटात गेले. आपण त्या दिशेने शोध घेतल्यास साधने भरपूर मिळतील असे मला वाटते.

मोडीवाचक

साधने भरपूर मिळतील हे खरे, पण ती दुसऱ्याच विषयाची असतील. प्रसिद्ध नावाजवळ गेले की उजेड त्या नावावरच पडतो आणि आपण पुन्हा चित्रकारांच्या इतिहासात शिरतो. ताईंना भिंत रंगवणारा हवा आहे. फाळके यांच्या कंपनीत कोणी घररंगकाम करणारा हंगामी कामाला जात होता असे एखाद्या कुटुंबाने सांगितले, तर तो धागा त्या कुटुंबापासून धरावा, कंपनीपासून नव्हे.

वाडाअभ्यासक

मी वास्तुरचनाकार असून जुन्या वाड्यांच्या नोंदी घेण्याचे काम करते. वरच्या दोन्ही दीर्घ उत्तरांशी मी सहमत आहे. त्यांत तिसऱ्या साधनाची भर घालते, ते म्हणजे भिंत.

जुन्या नाशकात आज रोज कुठला ना कुठला वाडा उतरवला जात आहे. उतरवण्याच्या आदल्या दिवशी मालकाची परवानगी घेऊन आत जावे आणि माजघराच्या भिंतीवर, फडताळाच्या आतल्या बाजूस किंवा दाराच्या चौकटीमागे, जेथे घासाघीस कमी झालेली असते तेथे, रुपयाएवढी जागा निवडावी. ती पाण्याने ओली करून बारीक पॉलिश पेपरने मध्यभागी खोल आणि कडेला उथळ अशी बशीसारखी घासत जावी. रंगांची वर्तुळे एकात एक उमटतात. गेल्या वर्षी मी एका वाड्यात अशी बशी घासली तेव्हा सगळ्यात वर तेलाचा फिकट हिरवा, त्याखाली गुलाबी, मग निळसर चुना, आणि त्याखाली चुन्याचे इतके पातळ पापुद्रे होते की भिंग लावून मोजताना मी तेविसाव्यावर थांबले. दरवर्षी एक हात धरला तर ते तेवीस दिवाळ्यांचे काम होते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते, आणि येथे आपली वही अमूल्य ठरते. चुन्यावर चुना बसतो, त्यामुळे चुन्याचे हात भिंतीत साठत जातात. सुके डिस्टेंपर म्हणजे खडूची भुकटी आणि सरस. त्यावर पुढचा हात धरत नाही, फुगून पापडी सुटते, म्हणून आधीचे खरवडून मगच नवे लावावे लागते. आपल्या पानावरचा ‘खर.’ हाच आहे. म्हणजे ज्या वर्षांत ओटीला डिस्टेंपर लागत होते, त्या वर्षांचे रंग भिंतीवर शिल्लक राहिलेलेच नाहीत; ते कारागिराने आपल्याच हाताने काढून टाकले. भिंतीत ती वर्षे कोरी दिसतात आणि वहीत ती भरलेली आहेत. वहीतल्या एखाद्या घरमालकाचे आडनाव आणि गल्ली जुळली, तर सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेवरून घर ओळखता येईल, आणि ते घर उभे असेल तर वही आणि भिंत शेजारी ठेवून वाचता येतील. नाशकात असे काम कोणी केलेले माझ्या पाहण्यात नाही.

ओळखण्याची सोपी रीत अशी की ओल्या बोटाने चोळल्यावर रंग बोटाला लागला तर ते सुके डिस्टेंपर, सहसा लागला नाही तर चुना. व्हिनेगरचा थेंब टाकून फसफसते का हे पाहण्याचा सल्ला काही जण देतात, परंतु चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि खडूही तेच असतो, त्यामुळे फसफस दोन्हींत होते.

तेलाचे जुने रंग मात्र कोरडे घासू नका, ही हात जोडून विनंती आहे. सफेता म्हणजे शिशाचे पांढरे संयुग, आणि शेंदूर हेही शिशाचेच संयुग. लोखंडी गजांना गंज लागू नये म्हणून शेंदराचे अस्तर देत. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाले आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या कोणत्याही तेलरंगात शिसे असू शकते. ओले करूनच घासावे, तोंडाला मास्क असावा, लहान मुले जवळ नसावीत. ज्यांनी आयुष्यभर ते कोरडे घासले, त्या माणसांच्या पोटदुखीची आणि हात लुळे पडण्याची कारणे आपण त्यांच्या घरच्यांना विचारलीच पाहिजेत. शिशाच्या विषबाधेची ही ओळखीची लक्षणे आहेत. १९२१ मध्येच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने रंगकामातील सफेत्याबाबत करार केला होता, म्हणजे धोका जगाला तेव्हापासून ठाऊक होता.

सातपूरकर

मी फक्त एका ओळीविषयी लिहिते: ‘चु. वस्त्र. घरचे’.

वस्त्र. म्हणजे वस्त्रगाळ, हे उघड आहे. पण ‘घरचे’ म्हणजे कोण? आमच्या चाळीत एक पेंटर राहत असत. ते सकाळी शिडी खांद्यावर टाकून जात, आणि त्यानंतर त्यांची पत्नी मागच्या अंगणात जुन्या धोतराचे चौपदरी फडके पिंपाच्या तोंडाला बांधून दुसऱ्या दिवशीचा चुना गाळीत बसे. नाकाला पदर, हाताला तेल. सरस उकळण्याचा वास सगळ्या चाळीत भरून राही आणि शेजारणी कुरकुर करीत. त्या बाईंना कधी कोणी मजुरी दिली नाही. आपल्या आजोबांनी ती ओळ प्रत्येक पानावर लिहिली आहे, म्हणजे त्यांनी त्या कामाचा हिशोब ठेवला. आपल्या आजी चुना गाळीत असत का, हे घरात कोणाला तरी आठवत असेल.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण सातपूरकर ताईंचे लिहिणे वाचून मी आधी आत्याला भेटायला सिडकोत गेले.

आत्या आज ७६ वर्षांच्या आहेत. मी वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि ती ओळ दाखवली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की तुझी आजी आणि मी, आम्ही दोघी गाळायचो. शाळेतून आले की दप्तर ठेवून फडक्याचे दुसरे टोक धरायचे हे माझे काम होते. आजोबा दिवाळीला हिशोब करताना ‘घरचे’ असे लिहिलेल्या पानांची मोजदाद करीत आणि त्यावर काही रक्कम बाजूला काढून आजीच्या हातात देत. त्या पैशांतून आजीने एका वर्षी शिवणयंत्राचा पहिला हप्ता भरला. घरात ते यंत्र अजून आहे. ते कोणत्या पैशांतून आले हे आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते.

मोडीवाचकांनी सांगितल्याप्रमाणे आण्यांवरून नव्या पैशांवर येणारे पान शोधले. ते आश्विनातले आहे. त्यानंतरच्या एका पानावर अधिक श्रावण लिहिलेला आढळला, तो पंचांगाशी ताडून पाहण्याचे काम चालू आहे. आषाढाची पाने वेगळी काढली, आणि तिसरीपिढी यांचे म्हणणे खरे ठरले: दोन वर्षे सलग ‘पाटी’ आणि ‘फळी’ अशा नोंदी आहेत. आमच्या घरात कोणालाच ते माहीत नव्हते. तीन शेडकार्डांपैकी एकावर गट्टू आहे. दुसऱ्याचे वरचे पान फाटलेले आहे.

वहीतल्या नावांची यादी केली. एकूण ६४ घरे आहेत, त्यांतली बरीचशी नदीकाठच्या गल्ल्यांतली. १९६९ च्या पुरानंतर त्यांतील किती उभी राहिली आणि २००८ व २०१९ च्या पुरांनंतर किती राहिली हे घरोघर जाऊनच कळेल. आत्यांनी यादी वाचून सहा घरे ओळखली, आणि एका नावावर बोट ठेवून सांगितले की येथे ओटीला दरवर्षी पिवळा लागे, कारण त्या घरच्या आजींना दुसरा रंग चालत नसे. मी सुरुवातीला उतरवून दिलेले पान त्याच घराचे आहे.

ते घर अजून उभे आहे. मालकांशी बोलणे झाले असून त्यांनी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता यायला सांगितले आहे. वाडाअभ्यासक ताईंना शक्य असेल तर त्यांनी भिंग घेऊन यावे. तिसरीपिढी दादा, आपणही यावे. आजोबांचा ब्रश मी बरोबर आणणार आहे, आणि तो कशाने असा घट्ट झाला हे आपण हातात घेऊन सांगू शकाल. आत्यांनाही रिक्षाने आणते आहे.